बाबांचा नववा ग्रह

आमच्या घरात देव होते, पण त्यांच्याही वरच्या फळीवर सामान्य ज्ञान होतं. सकाळी आई पूजेला बसली की बाबा बाहेरच्या खोलीतून, पेपरमधून मान वर न काढता विचारायचे, "क्षेत्रफळानं जगातला सगळ्यात लहान देश?" आईनं घंटा वाजवता वाजवता "व्हॅटिकन सिटी" म्हटलं की मगच त्यांच्या घशाखाली चहा उतरायचा. आईला व्हॅटिकन सिटी कुठे आहे हे ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती. तिला पूजा संपवून डबे करायचे असायचे.

बाबा नाशिकच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. तरुणपणी साहेब व्हायचं म्हणून त्यांनी मोठ्या परीक्षेचा अभ्यास केला होता. परीक्षा हुकली, अभ्यास तेवढा अंगात राहिला. तो कुठेतरी बाहेर पडायला हवा होता, म्हणून तो आमच्यावर पडला. वणीला देवीच्या दर्शनाला निघालो की एसटीत दिंडोरी येईपर्यंत राजधान्या आणि दिंडोरीनंतर नद्या. गडावर पोचल्यावर मी देवीपुढे हात जोडून उभी, तर मागून हळूच आवाज यायचा, "हात किती?" अठरा म्हणून झाल्याशिवाय मला नमस्कार करता येत नसे.

चौथीच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेत गंगेचा उगम विचारला होता. मी बेधडक त्र्यंबकेश्वर लिहून आले. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरींनी तेच लिहिलं होतं, कारण नाशकात गोदावरीला गोदावरी म्हणतं कोण? बाबा स्वतः रोज संध्याकाळी चपला घालून "जरा गंगेवर जाऊन येतो" म्हणायचे. पण त्या दिवशी त्यांनी मला समोर उभं करून हिमालयापासून सुरुवात केली. रागावून झाल्यावर पायांत चपला घातल्या आणि गंगेवर निघून गेले.

हे सगळं मी सहन केलं, कारण बाबांना त्यात केवढा आनंद होता ते दिसायचं. कचेरीत साहेब त्यांना फायलीपलीकडे काही विचारत नसत. आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत मात्र सगळे विचारायचे. खालच्या काकू शब्दकोडं अडलं की गॅलरीकडे तोंड करून हाक मारायच्या. शाळेतली मुलं प्रोजेक्ट घेऊन यायची. दर गणपतीत सोसायटीची प्रश्नमंजूषा बाबाच घ्यायचे आणि त्या संध्याकाळी ते इस्त्रीचा सदरा घालायचे. टीव्हीवर बक्षिसांचे प्रश्नोत्तरांचे कार्यक्रम सुरू झाले तेव्हा चार पर्याय पडद्यावर उमटायच्या आत बाबा उत्तर देऊन मोकळे व्हायचे. पर्याय देणं त्यांना आवडत नसे. सिनेमाचा प्रश्न आला की मात्र ते पाणी प्यायला उठायचे आणि आई आतून उत्तर द्यायची. सिनेमा हे सामान्य ज्ञान नाही, असा त्यांचा निकाल होता. आई म्हणायची, मग ते असामान्य असेल.

मग घराघरांत इंटरनेट आलं. काकूंचा मुलगा कॉम्प्युटरवर शब्दकोडं सोडवायला लागला, मुलं प्रोजेक्ट कॉलेज रोडच्या सायबर कॅफेतून छापून आणायला लागली. त्याच सुमाराला बाबा निवृत्त झाले. ते दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि खालून कुणी गेलं की जरा पुढे वाकून बघायचे. मला वाईट वाटायचं. पण मला तेव्हा स्वतःबद्दलही बरंच वाईट वाटत होतं, कारण माझं लग्न जमत नव्हतं आणि त्यालाही सामान्य ज्ञानच कारणीभूत होतं.

आमच्याकडे बघण्याचा कार्यक्रम उलटा व्हायचा. इतर घरांत मुलाकडचे मुलीला स्वयंपाक येतो का विचारतात. आमच्याकडे बाबा मुलाला प्रश्न विचारायचे. जातपात, जमीनजुमला, पत्रिका यांतलं काही विचारणं त्यांना मागासलेपणाचं वाटे. मंगोलियाची राजधानी विचारणं त्यांना अगदी पुढारलेलं वाटे. एका मुलानं ऑस्ट्रेलियाची राजधानी सिडनी सांगितली. बाबांनी कॅनबेरा म्हणून दुरुस्त केलं, तर मुलाचा मामा म्हणाला की आमचा साडू सिडनीत राहतो, राजधानी दुसरी असती तर त्यानं सांगितलं नसतं का. त्यावर तासभर वाद झाला आणि माझा विषय कुणाच्या लक्षातही राहिला नाही. पुण्याच्या एका कॉम्प्युटरवाल्यानं तर हद्द केली. "काका, हे सगळं नेटवर मिळतं, पाठ कशाला करायचं?" असं तो हसत म्हणाला. बाबांनी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली, दारापर्यंत पोचवायला गेले आणि आत येऊन पाटीवरचं पुसावं तसं त्याला पुसून टाकलं.

माझी अठ्ठाविशी आली. आई देवापुढे दिवा लावून मुलगा मागायची, तेव्हा भूगोल बरा असलेला दे, असंही मागत असणार.

मुलगा मलाच सापडला. मी ज्या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायचे तिथेच तो फिजिक्स शिकवायचा. परीक्षेच्या पर्यवेक्षणाला आमची एका वर्गात नेमणूक झाली आणि कॉपी पकडण्यापेक्षा आम्ही बोलत जास्त राहिलो. त्याच्या घरी गंगापूर धरणाच्या बाजूला फुलांची शेती. पहाटे गुलाब आणि शेवंती तोडून बाजारात पोचवायची, मग अंघोळ करून लेक्चरला यायचं, असा त्याचा दिवस. बोलायला साधा, पण खोटं बोलायची वेळ आली की त्याची जीभच वळत नसे. हा गुण मला फार आवडला होता. तो माझ्याच मुळावर येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मी घरी सांगायचं ठरवलं आणि नेमका त्याच ऑगस्टमध्ये प्लुटो गेला.

परदेशात कुठेतरी खगोलशास्त्रज्ञ जमले, त्यांनी हात वर करून मतदान केलं आणि प्लुटो ग्रह नाही असं ठरलं. सकाळी पेपरात बाबांनी ती बातमी वाचली. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि बातमी पुन्हा वाचली. नंतर जे सुरू झालं ते काही दिवस थांबलं नाही. इतकी वर्षं कामावर असलेल्याला असं एका सभेत काढतात का? त्याला नोटीस दिली होती का? म्हणणं मांडायची संधी दिली होती का? आई म्हणाली, अहो, तो शेवटी लागला होता, शेवटचाच आधी जाणार. आईला सरकारी नियम बाबांच्यामुळेच पाठ झाले होते. बाबा म्हणाले, "सेवेत कायम झालेल्याला तो नियम लागत नाही." त्यांनी एका वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्रही पाठवलं. ते छापून आलं नाही. आमच्या घरात ग्रह नऊच राहिले.

त्याच आठवड्यात गणपती बसले आणि सोसायटीची प्रश्नमंजूषा आली. बाबांनी मुद्दामच विचारलं, सूर्यमालेत ग्रह किती. चौथीतल्या एका मुलीनं आठ सांगितलं. बाबांनी चूक दिलं. मुलगी रडायला लागली, तिची आई वर जाऊन पेपरचं कात्रण घेऊन आली. बाबा माइकवरून म्हणाले की पेपरात काहीही येतं. मग मागून कुणीतरी म्हणालं, काका जुने झाले. लोक हसले. बाबाही हसल्यासारखं करून माइक खाली ठेवून आले. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी निरोप पाठवला की पुढच्या वर्षीपासून तरुण मुलं कॉम्प्युटरवर प्रश्नमंजूषा घेणार आहेत, काकांनी बक्षीस द्यायला जरूर यावं. तो निरोप मी ऐकला आणि मला सेक्रेटरींचा इतका राग आला की त्यांच्या घरचा प्रसाद मी परत पाठवला. बाबांनी तो इस्त्रीचा सदरा घडी घालून कपाटात ठेवला आणि त्या दिवसापासून ते घरात कुणालाच काही विचारेनासे झाले. आईची पूजा शांततेत व्हायला लागली. दोनच दिवसांत आई म्हणाली, असं नको वाटतं गं.

अशा परिस्थितीत मला त्यांच्यासमोर मुलगा न्यायचा होता. पितृपक्ष संपेपर्यंत मी गप्प बसले. नवरात्रात आई वणीला जाऊन आली, तिचं मन जरा मऊ होतं, तेव्हा तिला सांगितलं. तिनं आधी त्याची जात विचारली, मग स्वतःलाच "जाऊ दे" म्हणाली, मग खरा प्रश्न विचारला, "सामान्य ज्ञान कसं आहे?" मी म्हटलं, तयारी करून घेते. आईनं बाबांच्या कानावर घातलं. बाबांनी एवढंच सांगितलं की दसरा-दिवाळीच्या मधल्या रविवारी घेऊन या, बघू. कित्येक आठवड्यांनी त्यांच्या आवाजात जरा जान आली होती.

बाबांचे प्रश्न आणि त्यांचा क्रम मला झोपेतही सांगता आला असता. आधी राजधान्या, मग नद्या, मग पानिपत, मग शरीरातली हाडं, शेवटी ग्रह. कॉलेज सुटलं की आम्ही नदीकाठी सोमेश्वरच्या देवळाकडे जायचो. आजूबाजूला जोडपी गुलुगुलू बोलत असायची आणि मी त्याच्यावर ओरडत असायचे, मंगोलियाची उलानबाटर, उलानबाटर. त्याचा इतिहास इतका कच्चा होता की पानिपतच्या तिन्ही लढायांची त्यानं एकच लढाई केली होती. बिचारा पहाटे फुलं तोडतानाही पाठांतर करायचा. त्याच्या आईला वाटलं पोराला कुणाची तरी नजर लागली, तिनं मीठमोहरी ओवाळून टाकली.

सगळं पाठ झालं. ग्रहांपाशी गाडं अडलं. मी सांगितलं की नऊ म्हणायचं, संपलं. तो म्हणाला, आठ आहेत. मी म्हटलं मलाही माहीत आहे आठ आहेत, पण आमच्या घरी नऊ आहेत. तो म्हणाला की अकरावीच्या पोरांना कालच आठ शिकवले. मी म्हटलं, अकरावीची पोरं आमच्या पोह्यांना येणार आहेत का? मग त्यानं शांतपणे सांगितलं, "आज नऊ म्हणून तुझ्या घरात आलो, तर जन्मभर त्यांच्यासमोर नऊच म्हणत बसावं लागेल. बाकी काहीही सांग, म्हणतो. हे नाही जमायचं."

मी चिडून रिक्षानं घरी आले. हरिश्चंद्राशी लग्न करायचं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. त्याच्याशी बोलणं बंद केलं आणि आईला हाताशी धरलं. आईनं युक्ती काढली. हाडांचा प्रश्न झाला की ती पोहे घेऊन बाहेर येणार, खाण्याच्या गडबडीत ग्रह राहून जाणार. युक्ती बरी होती. बाबांना तिच्या हातचे पोहे आवडायचे, त्याहून काही आवडत असेल तर तो प्लुटो होता, एवढीच अडचण होती.

रविवारी तो आला, सोबत त्याचे आईवडील. वडिलांनी शेवंतीनं भरलेली मोठी पिशवी आणली होती. ती कुठे ठेवावी कळेना म्हणून ते ती मांडीवर घेऊनच बसले. बाबांनी तो इस्त्रीचा सदरा घातला होता. हा कार्यक्रम त्यांच्यासाठी काय होता ते मला तेव्हा नीट कळलं. मुलगा पसंत करणं राहिलं बाजूला, त्यांना कुणीतरी पुन्हा समोर बसून उत्तरं देणार होतं.

बाबांनी राजधान्या विचारल्या. त्यानं धडाधड सांगितल्या. नद्या झाल्या. पानिपतची तिसरी लढाई सतराशे एकसष्ट, त्यानं न अडखळता सांगितलं. बाबा खुलले. इतके खुलले की त्याच्या आईकडे वळून कौतुकानं म्हणाले, तुमच्या मुलाची तयारी चांगली आहे. ती माउली खूश झाली.

"व्हय भाऊ," ती म्हणाली. "लय दिवस झालं, फुलं तोडता तोडता हेच घोकत व्हता. तुमच्या पोरीनं समदं लिहून दिलंय ना त्याला."

त्यानं डोळे मिटून घेतले. बाबांनी सावकाश मान वळवून दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. रागापेक्षा त्या नजरेत ओशाळलेपणा जास्त होता. पेपर फुटल्याचं कळल्यावर परीक्षकाचं होतं तसं त्यांचं तोंड झालं होतं. आई हाडांच्या प्रश्नाची वाट बघत पोह्यांचं ताट घेऊन पडद्यामागे उभी होती. तिला वाटलं आता थांबण्यात अर्थ नाही, म्हणून ती बाहेर आली आणि सगळ्यांच्या हातात बशा देऊ लागली. बाबांनी बशी घेतली आणि तशीच टीपॉयवर ठेवली.

"हाडं राहू द्या," ते त्याला म्हणाले. "ग्रह किती?"

उत्तर काय द्यायला शिकवलं असेल ते त्यांना ठाऊक होतं. मी मनातल्या मनात नऊ नऊ म्हणत होते. वणीच्या देवीला मी त्या क्षणी काय काय कबूल केलं ते नंतर सगळं आठवलंही नाही.

"आठ," तो म्हणाला.

"तुम्हाला नऊ सांगायला सांगितलं असेल."

"हो, काका."

"मग?"

"आठच आहेत पण."

बाबा उठले आणि गॅलरीत गेले. आमच्याकडे पाठ करून कठड्याला धरून उभे राहिले. त्याच्या वडिलांनी पिशवी सावरली आणि मुलाला डोळ्यांनी निघू या का असं विचारलं. त्याची आई माझ्या आईला हळूच म्हणाली, "ताई, माझं काय चुकलं का?" आईनं तिचा हात धरला आणि नाही नाही म्हणता म्हणता स्वतःच रडकुंडीला आली. मी त्याच्याकडे बघत होते. त्याचा चेहरा मात्र अगदी मोकळा होता. त्याचा इतका राग आला होता आणि तरीही वाटत होतं की लग्न करीन तर ह्याच्याशीच.

बाबा परत आले, खुर्चीवर बसले. घसा खाकरला.

"त्याला मग आता काय म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

आम्हाला कुणालाच आधी कळलं नाही. त्याला कळलं. बटुग्रह म्हणतात, असं त्यानं सांगितलं. बाबांनी तो शब्द एकदा पुटपुटून बघितला. मग विचारलं, पण काढलं का? तो सांगायला लागला की ग्रहानं आपल्या वाटेतला बाकीचा पसारा आवरून वाट मोकळी केलेली असावी लागते, आणि प्लुटोच्या वाटेत त्याच्यासारखे पुष्कळ दगडधोंडे अजून तसेच पडलेले आहेत. आईनं बाबांच्या खुर्चीभोवती साठलेल्या जुन्या पेपरांकडे बघितलं आणि म्हणाली की मग आमच्याकडे एकही ग्रह नाही. त्याचे वडील मोठ्यानं हसले आणि त्यांनी ती पिशवी एकदाची खाली ठेवली.

बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली होती. हे ठरवणारे किती जण होते, आणि विरोधात कुणी नव्हतं का? होते, तो म्हणाला, आणि मलाही त्यांचं सगळं पटलेलं नाही, काही गोष्टी मला अजून नीट समजल्या नाहीत. असं माहीत नाही म्हणणारा मुलगा आमच्या घरात पहिल्यांदाच बसला होता. बाबांनी विचारलं, तिथून सूर्य केवढा दिसत असेल? त्यानं हातानं दाखवलं, इतका, एखाद्या चांदणीएवढा. बाबा क्षणभर वर छताकडे बघत राहिले. आयुष्यभर मी त्यांचे प्रश्न ऐकत आले होते आणि त्यातल्या प्रत्येकाचं उत्तर त्यांना आधीच ठाऊक असायचं. हे प्रश्न ते ज्या आवाजात विचारत होते तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. मला गलबलून आलं आणि मी चहाचं निमित्त करून आत गेले. ओट्याशी उभी राहून पदरानं डोळे पुसले.

चहा घेऊन बाहेर आले तर पोहे थंड होऊन गेले होते आणि दोघं अजून तिथेच होते, प्लुटोच्या आसपास. त्याच्या वडिलांना संध्याकाळच्या बाजाराला फुलं पोचवायची होती, ते सारखे घड्याळाकडे बघत होते. शेवटी आईनं धीर केला. म्हणाली, "अहो, त्यांना निघायचंय. लग्नाचं काय ते सांगा ना."

बाबांनी तिच्याकडे न बघताच हात हलवला.

"सांगितलं ना गं," ते म्हणाले. "मला जरा विचारू दे त्याला."

ते कधी सांगितलं होतं ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पण मघाशी त्याला 'तुम्हाला' म्हणणारे बाबा आता 'त्याला' म्हणत होते.